दर आठवा टाका

परत आलेला स्वेटर काकूंनी टेबलावर पसरला. लहान मुलाचा निळा स्वेटर, छातीवर पांढऱ्या हंसांची रांग. बाकीचे हंस शहाण्यासारखे पोहत होते, आणि मधल्या एकाच्या मानेला भलताच फुगवटा आला होता. स्वेटर घेऊन आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तशा भल्या. त्यांनी तक्रारीचा सूरसुद्धा लावला नाही. मुलगा म्हणतोय हंसाला काहीतरी चावलंय, एवढंच हसत हसत सांगितलं आणि सवडीनं करून द्या म्हणाल्या. काकूही हसल्या. दार लावलं आणि हसू तिथंच संपलं.

कारण हा पहिला नव्हता. त्याआधी एका आजोबांचा बिनबाह्यांचा स्वेटर परत आला होता, नक्षीत मधेच ठिपके जास्त. त्याच्याआधी एक टोपी. जिला सगळी गल्ली स्वेटरकाकू म्हणून ओळखते, जिच्या हातचा स्वेटर थोरल्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा शेजारच्याला जातो तरी उसवत नाही, तिच्या विणीत चूक? आणि तीही एकदा नाही, लागोपाठ? लोक काही बोलत नव्हते, आणि बोलत नव्हते तेच वाईट होतं. कुणी भांडायला आलं असतं तर काकूंनी पदर खोचून भांडण तरी केलं असतं.

आता काकूंचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मागच्या खोलीत खिडकीपाशी विणकामाचं यंत्र होतं. लांब पट्टीवर सुयांची रांग, आणि तिच्यावरून हातानं इकडून तिकडे सरकवायचा गाडा. शेजारी जुन्या टीव्हीला जोडलेला एक कॉम्प्युटर. आजच्यासारखा नव्हे हं. ज्या काळी घरगुती कॉम्प्युटर सगळाच्या सगळा कीबोर्डच्या पोटात मावायचा आणि त्यात प्रोग्रॅम चढवायला गाण्यांची असते तसली कॅसेट लागायची, त्या काळातला. काकूंच्या धाकट्या भावानं तो हौसेनं घेतला, खेळ खेळून कंटाळला, आणि परदेशी जायच्या आधी बहिणीच्या यंत्राला वायरीनं जोडून देऊन गेला. टीव्हीच्या पडद्यावर चौकटी दिसायच्या. भरलेली चौकट म्हणजे नक्षीचा टाका, रिकामी म्हणजे साधा. काकू बाणांच्या बटणांनी फिरत फिरत नक्षी भरायच्या, कॅसेटवर उतरवून ठेवायच्या, आणि मग गाडा सरकवला की कॉम्प्युटर सुयांना सांगायचा, तू ऊठ, तू बस. सकाळी कॅसेट चढवली की काकू पडद्याकडे बघायच्याही नाहीत. आदल्या दिवशी स्वतः भरलेली नक्षी, तिच्याकडे काय बघायचं? लेकीनं नवीन लॅपटॉप घे म्हणून किती डोकं खाल्लं, पण काकू ढिम्म. हा डबा कधी दगा देत नाही, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या, आणि आता त्याच वाक्याची त्यांना धास्ती बसली होती.

कारण डबा चुकत नसेल, तर चुकतंय कोण?

काकूंच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई हातानं विणायची, गप्पा मारता मारता, न बघता. एके दिवशी बाहीचे टाके चुकले. सगळे हसले, आईही हसली. मग पाठीचे चुकले. मग भाजीत दोनदा मीठ पडलं, मग गॅस तसाच चालू राहिला, आणि शेवटी शेवटी ती काकूंनाच "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं विचारायची, अगदी अदबीनं. काकूंना ते सगळं लख्ख आठवत होतं. आठवतंय म्हणून बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लगेच लाजही वाटायची. सुरुवात टाक्यांपासून झाली होती, एवढं मात्र त्यांच्या डोक्यातून हलत नव्हतं. हे त्यांनी कुणापाशी, नवऱ्यापाशीसुद्धा, बोलून दाखवलं नव्हतं.

नवरा म्हणजे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. स्वभावानं गरीब गाय, पण वाकडी रेघ दिसली की जीव कासावीस व्हायचा त्यांचा. अलीकडे मास्तरांचं काहीतरी बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे काय, सुधारलं होतं, आणि संशय यायला तेवढं पुरे होतं. आयुष्यात कधी स्वतःचा रुमाल स्वतः न शोधलेला हा माणूस सकाळी उठून चहा करायला लागला. येताजाता गॅस बंद आहे का ते बघायला लागला. जेवताना अगदी सहज म्हणून विचारायचे, परवा आपल्याकडे कोण आलं होतं गं? काल कुठली भाजी केली होतीस? काकू उत्तर द्यायच्या, आणि ते बरोबर आलं की मास्तरांच्या तोंडावर असं काही समाधान पसरायचं की काकू हातातला घास परत ताटात ठेवायच्या.

आणि लेक. आठवड्यातून एकदा फोन करणारी लेक आता रोज करायला लागली होती, आणि आईशी दोन वाक्यं बोलून झाली की म्हणायची, बाबांना दे. येत्या शनिवारी ती येणार होती. आल्यावर तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे आईला सहज दाखवून आणायचं, असं बापलेकींनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. कशाचे डॉक्टर, असं काकूंनी विचारलं, तर फोनवरची लेक आणि समोरचे मास्तर दोघंही एकदम हवापाण्याचं बोलायला लागले. काकू काय समजायचं ते समजल्या.

तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, डॉक्टर आपल्याला तपासायच्या आत आपण डब्याला तपासायचं.

भावानं जाताना एक कॅसेट देऊन ठेवली होती, तिच्यावर मेमरी तपासायचा प्रोग्रॅम होता. कॉम्प्युटरच्या मेमरीतलं एकेक घर भरायचं, भरलंय का बघायचं, मग रिकामं करायचं, रिकामं झालंय का बघायचं, आणि शेवटी पडद्यावर निकाल. सकाळी मशीन चालू केल्या केल्या, दुसरं काही चढवायच्या आधी हे करायचं, असं त्यानं बजावलं होतं, आणि काकू सांगितलेलं पाळणाऱ्या. मास्तर दूध आणायला गेलेले बघून त्यांनी कॅसेट लावली आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. सगळं जग आपली वस्तू धडधाकट निघावी म्हणून देवाला साकडं घालतं. काकू मनातल्या मनात म्हणत होत्या, बिघडलेला निघ. मेल्या, एवढं एकदा माझं ऐक आणि बिघडलेला निघ.

पडद्यावर आलं: ओके.

पुन्हा लावलं. ओके. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावलं, पुन्हा ओके. काकू त्या दोन अक्षरांकडे बघत तशाच बसून राहिल्या. मास्तर दूध घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, काय गं, बरं वाटत नाही का? काकू म्हणाल्या, छान वाटतंय की.

शेवटी त्यांनी रेडिओवाल्याला गाठलं. हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. चित्रकलेत ढ होता म्हणून रेडिओ दुरुस्तीत पडला, असं मास्तर म्हणायचे. बाजाराच्या तोंडाशी त्याचं चिंचोळं दुकान होतं, छतापर्यंत पोट उघडलेले रेडिओ. सरांच्या कानावर जाता कामा नये, असं काकूंनी आधी कबूल करून घेतलं आणि मग हंसाचं सगळं सांगितलं. आईचं तेवढं सांगितलं नाही. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं, एका मोडक्या कॉम्प्युटरची हिरवी पाटी पुढे ओढली आणि तिच्यावर ओळीनं बसवलेल्या आठ काळ्या आयसी दाखवल्या. ही तुमच्या डब्याची मेमरी, म्हणाला.

"ह्या आयसी म्हणजे आठ हमाल समजा. तुमची नक्षी आठ-आठ टाक्यांच्या गठ्ठ्यांनी ठेवलेली असते. गठ्ठ्यातला पहिला टाका पहिल्या हमालानं सांभाळायचा, दुसरा दुसऱ्यानं. प्रत्येक गठ्ठ्यातला. आता समजा तिसरा हमाल कामचुकार निघाला. काय होईल?"

"तिसरा टाका चुकेल," काकू म्हणाल्या. टाक्यांचं गणित त्यांना तोंडपाठ. "मग अकरावा. मग एकोणिसावा."

"बरोबर. दर आठवा. आता घरी जाऊन बघा, तुमच्या चुका कुठे कुठे पडल्यात. सगळ्या एकाच हमालाच्या वाट्याला आल्या तर चोर सापडला."

"आणि कुठेही पडल्या असतील तर?"

रेडिओवाल्यानं उगाचच एक स्क्रू उचलून डबीत टाकला. "यंत्र चुकलं ना काकू, तर एकाच तऱ्हेनं चुकतं. कुठेही चुकतं ते…"

काकूंनी पिशवी उचलली आणि घरची वाट धरली. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं त्यांना ओरडून बाजूला केलं तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

मास्तर फिरायला गेले होते. काकूंनी कपाटातून परत आलेले तिन्ही कपडे काढले आणि लाल डोक्याच्या टाचण्यांची डबी घेतली. चुकलेला टाका दिसला की टोचायची टाचणी. टोचून झाल्यावर डाव्या कडेपासून मोजायला बसल्या. पहिली टाचणी तिसऱ्या टाक्यावर. दुसरी एकोणिसाव्यावर. म्हणजे डबाच, म्हणजे डबाच, असं म्हणत त्यांनी तिसरी मोजली. ती विसाव्यावर होती. नजरचूक झाली असेल म्हणून नखानं एकेक टाका बाजूला करत पुन्हा मोजलं. विसावाच. पुढची अठराव्यावर, मग दहाव्यावर, मग बाराव्यावर, मधेच एक अकराव्यावर, आणि आजोबांच्या स्वेटरवर एक चौथ्यावर, एक दुसऱ्यावर. जेवढ्या जागेवर होत्या त्याच्या दुप्पट इकडेतिकडे.

कुठेही चुकतं ते माणूस. रेडिओवाल्याचं वाक्य काकूंनी स्वतःच पुरं केलं. त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. रडू आलं नाही. खिडकीबाहेर शेजारीण कपडे काढत होती. तिनं हात केला, तर तिचं नाव क्षणभर आठवेना. लगेच आठवलं म्हणा. पण आईलाही सुरुवातीला लगेचच आठवायचं.

गुरुवारी मास्तर सकाळीच बाहेर पडले. एका जुन्या सहकाऱ्याकडे दिवसभर जायचं ठरलं होतं. निघताना दारात त्यांचा पाय अडखळत होता. जाऊ ना? काही लागलं तर फोन करशील ना? गॅस… काकूंनी त्यांना जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. मग कॉम्प्युटर चालू केला. हंसांचा स्वेटर पुन्हा करून द्यायचाच होता, आणि काकूंनी ठरवलं होतं की आज स्वतःवर पहारा ठेवायचा. चोरावर ठेवतात तसा, डोळ्यांत तेल घालून. जुनी कॅसेट त्यांनी लावलीच नाही. कोऱ्या पडद्यावर पहिल्यापासून हंस भरायला घेतले. एक ओळ भरली की डावीकडून मोजायची, मग उजवीकडून मोजायची, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुठे चुकतोय, केव्हा चुकतोय, ते आज कळलंच पाहिजे होतं.

सगळे हंस भरून झाले. एकही चूक नाही. काकूंनी कॅसेटवर नक्षी उतरवली, हात मांडीवर ठेवले आणि पाठ टेकून पडद्याकडे बघत राहिल्या. दुपार कलत होती. खिडकीतून ऊन सरकत सरकत टेबलावर आलं होतं. चहा करावा का, असं मनात येतंय तोवर दुसऱ्या हंसाच्या मानेशेजारची एक रिकामी चौकट भरली.

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते. पडद्याकडे पाहिलं. ठिपका तिथंच होता. बघता बघता खालच्या ओळीत आणखी एक उमटला, कुणी बोट न लावता, आपला आपण. काकू उठून टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट टेकवत मोजलं. अकरावा. दुसरा ठिपका, एकोणिसावा. त्यांनी कॉम्प्युटरवर तळहात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. नुसता तवा झाला होता.

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. परीक्षा घेतली ती रोज सकाळी, मशीन चालू केल्या केल्या, गार असताना! गार असताना तो कशाला चुकेल? काकूंनी ती परत आलेली लोकरी टोपी उचलली आणि कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या हवा जायच्या फटींवर घट्ट बसवली, गार व्हायला नको म्हणून. परीक्षेची कॅसेट लावली. या खेपेला पडद्यावर ओके आलं नाही. चुकांच्या ओळीच्या ओळी आल्या, वरून खाली सरकत गेल्या, आणि प्रत्येक ओळीत चुकणारा तोच. तिसरा हमाल. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्या, मग टेबलाला धरून खाली बसल्या आणि चांगल्या पोटभर रडल्या. शेजारणीचं नाव मोठ्यानं घेतलं, बहिणीचं घेतलं, पहिलीतल्या बाईंचंसुद्धा घेतलं.

डोळे पुसता पुसता मनात पाल चुकचुकली. हा तिसऱ्याचा चोरटेपणा झाला. मग दहावा, बारावा, अठरावा, विसावा, ते कुणाचे? काकूंनी पुन्हा टाचण्या टोचल्या. सकाळपासून स्वतःच्या डोक्यावर पहारा दिल्यामुळे असेल, पण या वेळी त्यांना ते लगेच दिसलं. दहावा आणि बारावा अकराव्याच्या दोन बाजूंना. अठरावा आणि विसावा एकोणिसाव्याच्या. एकही टाचणी लांब भरकटलेली नव्हती. सगळ्या त्या चोराला चिकटून बसल्या होत्या. यंत्र असं करत नाही, आणि चुकणारा माणूसही असं करत नाही. असं करतं ते झाकाझाक करणारं कुणीतरी.

या घरात झाकाझाक करणारं कोण होतं? काकूंनी डोक्याला हात लावला.

त्यांनी हंसांची नक्षी पुन्हा चढवली, टोपी तशीच राहू दिली, आणि ठिपके उमटेपर्यंत वाट पाहिली. मास्तर संध्याकाळी आले तेव्हा काकू डोकं दुखतंय म्हणून पुढच्या खोलीत पलंगावर आडव्या झाल्या होत्या, डोळे मिटून. मास्तरांनी कपाळावर हात ठेवून पाहिला. मग चपला काढल्या आणि चवड्यांवर चालत मागच्या खोलीत गेले. काकूंनी दाराच्या फटीतून पाहिलं. मास्तरांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर नाक टेकवलं. एका बोटानं बटणं दाबत त्या ठिपक्यापाशी पोचले आणि पुसायचं बटण दाबलं. ठिपका गेला नाही. पुन्हा दाबलं. नाही गेला. मास्तरांनी सुस्कारा सोडला. मग त्याच्या डावीकडची चौकट भरली, उजवीकडची भरली, वर्गात करायचे तशी मान तिरकी करून पाहिलं, आणि एक खालची भरली. मानेवरचा फोड गेला आणि तिथं बाक आला. हंसाच्या मानेचा नव्हे, पण बाक. मग त्यांनी ते सगळं कॅसेटवर उतरवलं, काकूंनी दुपारी उतरवलेल्या शुद्ध नक्षीच्या उरावर.

"कधीपासून?" काकू दारात उभं राहून म्हणाल्या.

मास्तर असे दचकले की चष्मा नाकावरून घसरला. आधी म्हणाले, मी आपला सहज बघत होतो. मग काकूंचा चेहरा पाहून ते सोडून दिलं आणि सगळं सांगून टाकलं. पहिली टोपी परत आली तेव्हा काकूंच्या आधी त्यांच्याच मनात शंका आली होती. सासूबाईंचं त्यांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारनंतर पडद्यावर नको तिथे ठिपके दिसायला लागले, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. मग काय करणार? काकू झोपल्या किंवा बाजारात गेल्या की ते बसून जमेल तसं सारखं करायचे.

"तो ठिपका पुसलाच जात नाही गं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, मलाच ते बटण जमत नाही. म्हणून मग आजूबाजूनं जुळवून घेत होतो."

आता या माणसाला काय म्हणावं? चोर रोज संध्याकाळी त्यांच्या बोटाखाली होता. दाबूनही न जाणारा ठिपका आणखी कुणाचा असणार? पण मास्तरांनी स्वतःच्या बोटावर संशय घेतला, बायकोच्या डोक्यावर घेतला, आणि त्या तापलेल्या डब्यावर काही घेतला नाही. आणि त्यांच्या त्या जुळवून घेण्यानंच डब्याची चूक माणसाच्या चुकीसारखी दिसायला लागली होती. काकूंनी टोपी उचलली, त्यांचा हात धरून कॉम्प्युटरवर ठेवला आणि चटका बसू दिला. मग टाचण्या दाखवल्या.

"म्हणजे माझं डोकं चाललंय असं तुम्हाला वाटत होतं," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही हंसांच्या माना दुरुस्त करत बसलात?"

"तुला कळू नये म्हणून."

"मला सोडून कुणाकुणाला कळलं होतं?"

मास्तरांनी फोनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी घरात भांडी जरा जोरात वाजली, एवढंच.

शुक्रवारी रेडिओवाला घरी आला. मास्तरांना टॉर्च धरायला बसवलं. झाकण उघडलं, खाली आठ आयसींची ओळ. परीक्षेचा प्रोग्रॅम चालूच होता आणि पडद्यावर चुकांची रांग लागली होती. तो म्हणाला, आता स्पिरिटचा बोळा लावून चोराला गार करू, गार झाला की चुका थांबतील. त्यानं डावीकडून तिसऱ्या आयसीवर बोळा टेकवला. सगळे पडद्याकडे बघत बसले. चुका येतच राहिल्या. त्यानं बोळा पुन्हा भिजवून टेकवला. चुका येतच राहिल्या. काकू आणि मास्तर एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

मग रेडिओवाल्यानं पाटी कलती केली, तिच्यावर छापलेले बारीक आकडे वाचले आणि जीभ चावली. बनवणाऱ्यानं उजवीकडून मोजलं होतं. त्यानं उजवीकडून तिसऱ्या आयसीवर बोळा टेकवला. एक फेरी झाली, आणि पडद्यावर ओके आलं. बोळा काढला, आयसी तापली, चुका आल्या. टेकवला, ओके. काकूंनी ते त्याला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं. मग त्यानं ती आयसी उपटली आणि नवी बसवली. जाताना हळूच म्हणाला, सर, चूक झाली तर खोडायची, वरून गिरवायची नाही, असं तुम्हीच सांगायचात ना आम्हाला? मास्तरांनी त्याला दटावलं, पण त्यात काही जोर नव्हता.

शनिवारी लेक आली ती आईकडे चोरून बघतच आली. काकूंनी तिला बसवलं, टाचण्यांसकट हंसांचा स्वेटर दाखवला, काढलेली आयसी तळहातावर ठेवून दाखवली आणि सगळं सांगितलं. लेक आईच्या गळ्यात पडून रडली. मग फोन उचलून म्हणाली की आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना नको म्हणून कळवते.

"कशाला नको?" काकू म्हणाल्या. "जाऊ या की. पण तिथे ओके आलं म्हणून तुम्ही लगेच निर्धास्त होऊ नका. डबाही सकाळी ओकेच म्हणत होता."

लेक तोंड धुवायला आत गेली. मास्तर यंत्रापाशी उभे होते. पडद्यावर नवे हंस होते आणि त्यांच्या माना सरळ होत्या. काकू गाड्याला हात लावून बसल्या, पण त्यांनी तो सरकवला नाही.

"इकडे बघा," त्या म्हणाल्या. "उद्या खरंच माझ्या डोक्याचं काही झालं ना, तर आधी मला सांगायचं. लेकीला नाही, डॉक्टरांना नाही. मला."

मास्तरांनी मान हलवली.

"आणि सांगितलेलं तुझ्या लक्षात राहिलं नाही तर?"

काकूंनी गाडा सरकवला. सुया ठरल्याप्रमाणे उठल्या आणि बसल्या.

"तर पुन्हा सांगायचं," त्या म्हणाल्या.